जामीनदार क्रमांक दोन

२०२२ च्या मार्च महिन्यात, उत्तर व्हर्जिनियातील आमच्या घरी, स्वयंपाकघरातील टेबलावर बसून मी एसएफ-८६ नावाचा अर्ज भरत होते. अमेरिकेच्या संघराज्य सरकारचे गोपनीय स्वरूपाचे काम करायचे असेल तर जी सुरक्षा परवानगी लागते, आणि जिला इथे सगळे नुसते 'क्लिअरन्स' म्हणतात, तिच्यासाठीचा हा अर्ज शंभराहून अधिक पानांचा आहे. राहण्याचे जुने पत्ते, नोकऱ्या, ओळख पटवू शकतील असे शेजारी, परदेशातील नातेवाईक, प्रवास हे सगळे भरण्यात तीन रविवार गेले. त्यात कष्ट होते, पण अडचण नव्हती. सव्विसाव्या विभागापाशी मात्र मी अडले. हा विभाग आर्थिक नोंदींचा आहे, आणि त्यातील थकबाकीच्या प्रश्नांसोबत एक सूचना दिलेली आहे की, केवळ स्वतःच्या नावावरची कर्जे नव्हेत, तर ज्या कर्जांना तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार आहात, तीही यात धरावीत.

जामीनदार हा शब्द मी त्याआधी कित्येक वर्षे उच्चारलादेखील नव्हता.

२००२ साली मी पुण्यात नोकरीला होते. तासगाव तालुक्यात राहणाऱ्या माझ्या आत्याच्या मुलाला, म्हणजे आमच्या दादाला, बेदाण्याचे शेड उभारायचे होते. तिथल्या एका पतसंस्थेने ४ लाख रुपये मंजूर केले आणि दोन जामीनदार मागितले, त्यातला एक पगारदार हवा होता. पगारपत्रकाची प्रत, दोन फोटो आणि नाममात्र सभासदत्वाची किरकोळ वर्गणी एवढ्यावर मी जामीनदार झाले. पुढच्याच वर्षी मी अमेरिकेत आले. कर्ज तिथेच राहिले, आणि आपल्याकडे अशी कर्जे जशी राहतात तसेच राहिले: मार्चअखेर आली की थोडे व्याज भरायचे, नव्या कागदांवर सह्या करायच्या आणि जुने कर्ज नवे करून घ्यायचे. २०१४ च्या डिसेंबरात मी सुट्टीवर गेले असताना दादाने ओट्यावर चहाच्या कपाशेजारी कागदांचा गठ्ठा ठेवला, पेन्सिलीने फुल्या केलेल्या जागा बोटाने दाखवल्या आणि म्हणाला, "नुसतं नवं-जुनं करायचंय गं. कर सही, साहेब थांबलेत तिकडे." मी अकरा सह्या केल्या आणि एकही पान वाचले नाही. आत्या मागे उभी राहून माझ्यासाठी बेदाण्याची पिशवी बांधत होती.

माझ्या कामाविषयी मी इथे काही लिहिणार नाही, तसे लिहू नये असा संकेत आहे आणि तो योग्यच आहे. लिहायचे आहे ते कर्जाविषयी, कारण इथल्या मराठी मंडळींत या विषयावर जे बोलले जाते ते बहुतेक ऐकीव असते. "क्रेडिट कार्डावर बाकी असली की क्लिअरन्स मिळत नाही," असे एक जण ठामपणे सांगतो, तर दुसरा तितक्याच ठामपणे सांगतो की भारतातले कर्ज इथे कोणाला दिसत नाही, तेव्हा ते लिहायचेच कशाला. पहिले विधान चूक आहे. दुसऱ्यातला पूर्वार्ध बराचसा खरा आहे, आणि म्हणूनच त्याचा उत्तरार्ध धोकादायक आहे.

सव्विसाव्या विभागात नेमके काय विचारतात ते आधी सांगते. गेल्या सात वर्षांत दिवाळखोरीचा अर्ज केला होता काय, आजवर कधीही जुगारापायी आर्थिक अडचणीत आलात काय, कायद्याने बंधनकारक असताना प्राप्तिकराचे विवरणपत्र भरायचे किंवा कर भरायचा राहिला काय, नोकरीतील प्रवासखर्चाच्या कार्डाचा गैरवापर केला म्हणून समज मिळाली काय, एखादे कर्ज बुडवले काय, एखादे बिल वसुली एजन्सीकडे गेले काय, हप्ते न भरल्यामुळे गाडी ओढून नेली किंवा घर गेले काय, पगारातून परस्पर वसुली झाली काय, आणि कोणतेही देणे १२० दिवसांहून अधिक काळ थकले होते किंवा आज थकलेले आहे काय. नियमित हप्ते चालू असलेले गृहकर्ज, विद्यार्थी कर्ज किंवा गाडीचे कर्ज यांबद्दल या विभागात विचारणाच नाही. कर्ज असणे ही अमेरिकेत सामान्य बाब आहे, आणि ज्यांनी हा अर्ज तयार केला त्यांच्याही घरांवर कर्जे असणारच.

हे सगळे विचारण्यामागे एक इतिहास आहे, आणि तो वाचल्यानंतर माझा प्रश्नांवरचा राग बराच कमी झाला. रोनाल्ड पेल्टन हा नॅशनल सिक्युरिटी एजन्सी या अमेरिकी गुप्तचर संस्थेतला कर्मचारी. १९७९ मध्ये त्याने दिवाळखोरी जाहीर केली, नोकरी सोडली, आणि १९८० च्या जानेवारीत तो वॉशिंग्टनमधील सोव्हिएत वकिलातीत जाऊन पोहोचला. ओखोत्स्कच्या समुद्राच्या तळाशी असलेल्या सोव्हिएत केबलवरील संभाषण अमेरिका चोरून ऐकत होती, ते गुपित त्याने विकले आणि त्याच्या हाती पडले सुमारे ३५ हजार डॉलर. सीआयएचा आल्ड्रिच एम्स १९८५ च्या एप्रिलमध्ये सोव्हिएतांकडे गेला तेव्हा घटस्फोटाची देणी आणि वाढलेला खर्च यांनी तो पिचलेला होता, आणि त्याने पहिल्या खेपेला ५० हजार डॉलर मागितले होते. ब्रायन रेगन हा हवाई दलातला, टेहळणी उपग्रहांशी संबंधित काम करणारा माणूस, एक लाख डॉलरहून अधिक कर्जात होता. २००१ च्या ऑगस्टमध्ये त्याला डलेस विमानतळावर अटक झाली, आणि २००३ मध्ये जन्मठेप. आई-बाबांना उतरवून घ्यायला मी ज्या विमानतळावर जाते तोच हा विमानतळ आहे.

यांतील एम्सची कथा दोन बाजूंनी बोलकी आहे. कर्जाने तो सोव्हिएतांकडे गेला खरा, पण नंतर पैसा येऊ लागल्यावर त्याने आर्लिंग्टनमध्ये ५ लाख ४० हजार डॉलरचे घर रोखीने घेतले आणि तो जॅग्वार गाडीतून कार्यालयात येऊ लागला. पगार वर्षाला ७० हजार डॉलरच्या आत. तरीही १९९४ च्या फेब्रुवारीपर्यंत तो मोकळा होता, मधल्या काळात दोन वेळा खोटे पकडण्याच्या यंत्राची चाचणीही पार करून गेला. त्याच्या अटकेनंतर, १९९५ मध्ये अध्यक्ष क्लिंटन यांनी काढलेल्या १२९६८ क्रमांकाच्या आदेशाने आर्थिक नोंदी तपासण्यासाठी कर्मचाऱ्यांकडून आगाऊ लेखी संमती घेण्याची तरतूद झाली. आज निकष म्हणून जी मार्गदर्शक तत्त्वे वापरतात, ती ८ जून २०१७ पासून लागू आहेत. त्यांत एकूण तेरा तत्त्वे आहेत आणि आर्थिक बाबींचे तत्त्व 'एफ' या अक्षराने ओळखले जाते. त्यात उत्पन्नाशी न जुळणारी श्रीमंती हीदेखील फेडता न येणाऱ्या कर्जाइतकीच संशयास्पद मानलेली आहे.

या 'एफ' तत्त्वात रकमेचा आकडा कोठेही नाही. किती हजारांच्या वर कर्ज गेले की परवानगी नाही, असे कोष्टक शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तिथे पाहतात ते वेगळेच: देणी फेडण्याची ऐपत नाही, की ऐपत असून इच्छा नाही, हे एकदा घडले की सवय आहे, खर्च मिळकतीपेक्षा सतत जास्त आहे काय, जुगारासाठी कर्ज काढले काय. आणि लगेच पुढच्या परिच्छेदात बाजू सावरणाऱ्या गोष्टी दिल्या आहेत. नोकरी जाणे, धंदा बसणे, अचानक आलेले आजारपण, घरातील मृत्यू, घटस्फोट, सावकारी पद्धतीच्या कर्जदात्यांनी केलेली फसवणूक, ओळखचोरी यांमुळे कर्ज थकले असेल, तर ते समजून घेतले जाते, पण त्याला एक जोड लागते: त्या परिस्थितीत तुम्ही जबाबदारीने वागलात, हे दाखवता आले पाहिजे. फेडीचा प्रामाणिक प्रयत्न सुरू करून तो चालू ठेवला असेल, विश्वासार्ह संस्थेकडून कर्जविषयक समुपदेशन घेऊन प्रश्न आटोक्यात येत असेल, किंवा देणेच आपले नाही असे म्हणायला सबळ आणि कागदोपत्री आधार असेल, तर तेही जमेस धरतात.

कागदोपत्री या शब्दापाशी मला थोडे थांबायचे आहे. न्यायालयात गुन्हा शाबीत करायची जबाबदारी सरकारची असते. इथे उलट आहे. सुरक्षा परवानगी हा कोणाचाच हक्क नाही, हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्ये नौदल खाते विरुद्ध इगन या खटल्यात सांगून टाकले आहे, आणि शंका उरली तर ती राष्ट्रीय सुरक्षेच्या बाजूने, म्हणजे अर्जदाराच्या विरोधात, सोडवायची असा नियम आहे. थकबाकी नोंदीत दिसली की ती कशी झाली आणि पुढे तिचे काय केले, हे अर्जदारानेच पटवायचे आणि पटवायचे ते कागदांनी. देणे इथलेच असेल तर हे फारसे जड जात नाही. माझे स्वतःचेच उदाहरण आहे. २०१९ मध्ये मुलाच्या अपेंडिक्सच्या शस्त्रक्रियेचे ४१२ डॉलरचे एक उरलेले बिल जुन्या पत्त्यावर गेले आणि आमच्या नकळत वसुली एजन्सीकडे पोहोचले. मी लोकांच्या कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या तिन्ही क्रेडिट संस्थांचे, म्हणजे इक्विफॅक्स, एक्स्पेरियन आणि ट्रान्सयुनियन यांचे मोफत अहवाल मागवले, त्यांपैकी एकात ते सापडले, दुपारभर फोन करून ते भरले आणि आठवड्याभरात देणे मिटल्याचे पत्र हाती आले. तारीख, क्रमांक, सही, सगळे जागच्या जागी.

तासगावच्या कर्जाचे काय करायचे? आपल्याकडे पैशाचे व्यवहार कागदाविना होतात असे म्हणण्याची रीत आहे, पण ते पूर्ण खरे नाही. हातउसने, भिशी, बहिणीच्या लग्नाला काकांनी दिलेले दोन लाख हे बिनकागदी असते. पतसंस्थेत मात्र ढीगभर कागद असतो. फक्त ज्याने सही केली त्याच्या हाती त्यातला एक चिटोराही नसतो. अकरा सह्यांपैकी एकाचीही प्रत मी मागितली नव्हती. मागितली असती तर ओट्यावर बसलेल्या सगळ्यांनी माझ्याकडे चमकून पाहिले असते.

त्या रात्री मी बाबांना फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"बाबा, दादाच्या शेडचं कर्ज फिटलं का हो?"

पलीकडे थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग ते म्हणाले, "तुला कोणी सांगितलं?"

कळले ते असे. लागोपाठ दोन हंगाम अवकाळी पावसाने द्राक्षे गेली, २०१६ पासून दादाने हप्ते थांबवले, आणि २०१८ मध्ये पतसंस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवला. त्याची नोटीस माझ्या नावाने आमच्या सांगलीच्या घरी आली होती. जामीनदार क्रमांक २ म्हणून माझे माहेरचे नाव, वडिलांच्या नावासकट, त्यावर छापलेले होते. बाबांनी ती वाचली, घडी घातली आणि आजोबांच्या लोखंडी ट्रंकेत सातबाऱ्यांच्या खाली ठेवून दिली. मला त्रास नको म्हणून. दादाची अब्रू जायला नको म्हणूनही. त्यानंतर आणखी दोन नोटिसा आल्या आणि त्याही तिथेच गेल्या. मुद्दल आणि व्याज मिळून मागणी ९ लाख ६० हजारांवर पोहोचली होती.

मला माहीत नव्हते, हे खरे आहे. पण मी विचारलेही नव्हते. सात वर्षांत दर फोनवर मी आत्याच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि कर्जाची एकदाही केली नाही, कारण उत्तर नकोसे असेल याचा अंदाज मला होता. अर्जातील रकान्यात हे कसे लिहायचे? दादाचे कर्ज इथल्या क्रेडिट अहवालात दिसत नव्हते. मी 'नाही' या चौकोनावर खूण केली असती तर कदाचित कोणाला कळलेही नसते. एका परिचिताने मला तोच सल्ला दिला, अगदी आपुलकीने. मात्र अर्जाच्या शेवटी सही असते आणि त्या सहीखाली जाणूनबुजून खोटे लिहिणे हा संघराज्याच्या कायद्याने पाच वर्षांपर्यंत तुरुंगवासाचा गुन्हा आहे. शिवाय मार्गदर्शक तत्त्वांत 'एफ'च्या आधी 'ई' येते, आणि ते वैयक्तिक वर्तनाचे, म्हणजे मुख्यतः सचोटीचे आहे. फेडून टाकलेल्या कर्जाचे दाखले देता येतात. खोट्या उत्तराला तसा दाखला नसतो. मी 'होय' लिहिले आणि खालच्या चौकटीत इंग्रजीत चौदा ओळींत ओटा, शेड, पाऊस आणि ट्रंक बसवली.

जूनमध्ये चौकशी अधिकारी भेटायला आल्या. पन्नाशी उलटलेल्या, शांत आवाजाच्या बाई, हातात पिवळ्या कागदांचे पॅड. ओळखपत्र उघडून दाखवल्यावर त्यांनी पहिल्यांदाच स्पष्ट केले की निर्णय त्यांचा नसतो. त्या लिहून घेतात, आणि निर्णय दुसरीकडे बसलेले लोक फक्त फाईल वाचून घेतात. तीन तासांपैकी दीड तास कर्जावरच गेला. कर्ज किती, हा प्रश्न पाच मिनिटांत संपला. बाकी वेळ त्या एकाच गोष्टीभोवती फिरत राहिल्या: तुम्हाला कळले कधी, कोणाकडून कळले, आणि कळले त्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही काय केले. मग त्यांनी विचारले की, हे कर्ज आणखी कोणाकोणाला माहीत आहे, आणि तुमच्या कुटुंबाची अब्रू राखण्याच्या बदल्यात तुमच्याकडे कोणी काही मागू शकेल काय. त्या प्रश्नाने मी दचकले. ज्या कारणासाठी बाबांनी नोटीस ट्रंकेत ठेवली, नेमक्या त्याच कारणाकडे एक परका माणूस उलट्या बाजूने पाहत होता. घरात जे अब्रूचे म्हणून झाकले जाते, ते बाहेरून पाहणाऱ्याला दबाव आणण्याची जागा दिसते. मी सांगितले की नवऱ्याला, सासरी, माहेरी आणि कंपनीतील सुरक्षा अधिकाऱ्याला सगळे सांगून झाले आहे. त्यांनी ते लिहून घेतले आणि विचारले, "तुमच्या वडिलांनी तुम्हाला का सांगितले नाही?" मी म्हटले, "ते वडील आहेत म्हणून." हेही त्यांनी लिहून घेतले.

दुसऱ्या दिवशी काय केले, या प्रश्नाला माझ्याकडे बरे उत्तर होते. मार्चमध्येच मी पतसंस्थेला ईमेल आणि रजिस्टर पोस्टाने पत्र पाठवले होते आणि खातेउतारा मागितला होता. तो यायला सात आठवडे लागले. एकरकमी परतफेड योजनेत ६ लाख २५ हजारांवर तडजोड ठरली. त्यातले सव्वादोन लाख दादाने ट्रॅक्टर विकून भरले आणि चार लाख मी. दादाशी त्या काळात फार बोलणे झाले नाही. पैसे भरल्यावर बेबाकी दाखला आला, गोल शिक्क्यानिशी, आणि त्यावर तारीख होती ३१ जून. जून तीस दिवसांचा असतो हे पतसंस्थेला पटवून दुसरा दाखला मिळवायला आणखी तीन आठवडे गेले. सगळ्या कागदांचे अधिकृत इंग्रजी भाषांतर करून घ्यावे लागले. भाषांतरकाराने 'नवे-जुने' या शब्दाचा अर्थ मला तीनदा विचारला आणि शेवटी चार ओळींची तळटीप दिली.

मला अंतरिम परवानगी मिळाली नाही. अंतिम परवानगी फेब्रुवारी २०२३ मध्ये एका ओळीच्या ईमेलने कळली. त्यामागे कोणते कारण जमेस धरले गेले, हे अर्थातच कोणी कळवत नाही.

ज्यांच्या बाबतीत शंका उरते त्यांना आरोपांचे निवेदन येते. खासगी कंपन्यांत संरक्षण खात्याचे काम करणाऱ्यांना त्याला लेखी उत्तर द्यायला २० दिवस असतात, आणि हवी असल्यास प्रशासकीय न्यायाधीशापुढे सुनावणी मागता येते. या सुनावण्यांचे निकाल अर्जदारांची नावे गाळून प्रसिद्ध केले जातात. वाट पाहण्याच्या त्या महिन्यांत मी रात्री ते वाचत बसे. त्यांत सर्वाधिक गर्दी आर्थिक कारणांचीच आहे. वाचता वाचता लक्षात येते की, आजारपणाने किंवा घटस्फोटाने लाखभर डॉलरच्या खड्ड्यात गेलेला, पण दरमहा थोडे का होईना नेमाने भरत आलेला माणूस तरून जातो, आणि काही हजारांची क्रेडिट कार्डे वर्षानुवर्षे तशीच सोडून दिलेला माणूस बुडतो. निवेदन हाती पडल्यावर घाईने सगळे फेडणाऱ्याला तेवढे श्रेय मिळत नाही. परवानगी धोक्यात आली नसती तर याने फेडले असते काय, असे न्यायाधीश विचारतात. पुढे फेडीन या आश्वासनाला तर जवळजवळ किंमत नाही. बँकेने कर्ज निर्लेखित केले, मुदतीच्या कायद्याने दावा बाद झाला, सात वर्षे उलटून नोंद अहवालातून गळाली, यांपैकी कशालाही कर्ज फेडणे मानले जात नाही.

सर्वांत कठोर भाषा दिसते ती करांच्या बाबतीत. सरकारचा साधा, दरवर्षीचा नियम जो पाळत नाही तो गुपिते सांभाळण्याचे नियम कसे पाळणार, असा तो युक्तिवाद आहे, आणि त्याला माझ्याकडे उत्तर नाही. मराठी घरांनी इथे विशेष सावध असले पाहिजे. गावाकडच्या बँकेतील मुदतठेवीचे व्याज इथल्या विवरणपत्रात दाखवावे लागते. परदेशातील सगळ्या खात्यांची मिळून शिल्लक वर्षात एकदा जरी १० हजार डॉलरच्या वर गेली तरी त्यांची स्वतंत्र माहिती अर्थखात्याला द्यावी लागते. आईबरोबर संयुक्त नावाने उघडलेले, ज्यात आपला एक रुपयाही नाही असे खातेही त्यात येते. तिकडे बँकेने कर कापून घेतला आहे म्हणजे संपले, असे मानणारे किमान चार जण माझ्या ओळखीत आहेत.

या व्यवस्थेचे मला सगळेच पटते असे नाही. डिसेंबर २०१८ ते जानेवारी २०१९ या काळात अर्थसंकल्पाच्या भांडणात सरकारचे काम ३५ दिवस अंशतः बंद होते आणि सुमारे आठ लाख कर्मचाऱ्यांचे पगार अडकले. त्यांना नंतर पगार मिळाला. कंत्राटी कंपन्यांतील पुष्कळांना त्या दिवसांचे काहीच मिळाले नाही. आमच्या शेजारच्या एका कुटुंबाने त्या महिन्यात घराचा हप्ता चुकवला आणि मग त्याचा खुलासा लेखी दिला, ज्याने पगार अडवला त्यालाच. सरकारच्याच कार्मिक कार्यालयातून २ कोटी १५ लाख लोकांची पार्श्वभूमी-चौकशीची माहिती चोरीला गेल्याचे २०१५ मध्ये उघडकीस आले, तेव्हा आपली थकबाकी, आजार आणि घटस्फोट ज्यांच्या स्वाधीन केले त्यांनीही थोडा लेखी खुलासा द्यावा असे तेव्हाच्या अर्जदारांना वाटले असेल.

जे आत्ता अर्ज भरायला बसले आहेत त्यांच्यासाठी एक बारकी गोष्ट. ओळखचोरीच्या भीतीने अनेकांनी आपले क्रेडिट अहवाल गोठवून ठेवलेले असतात. अर्ज पाठवण्याआधी ते मोकळे करावेत, नाहीतर चौकशी तिथेच अडून बसते.

परवानगी मिळाल्यावर हे प्रकरण मिटते असेही नाही. पूर्वी पाच किंवा दहा वर्षांनी फेरचौकशी होत असे. आता निरंतर पडताळणी असते, म्हणजे क्रेडिट नोंदी आणि पोलिसी नोंदी आपोआप तपासल्या जात राहतात. त्याखेरीज काही गोष्टी आपण होऊन कळवाव्या लागतात: १२० दिवसांहून अधिक थकलेले देणे, दिवाळखोरी, आणि वरच्या दर्जाची परवानगी असेल तर वारसा किंवा बक्षीस म्हणून आलेली १० हजार डॉलर किंवा त्याहून मोठी रक्कमही. गेल्या वर्षी सांगलीच्या जुन्या वाड्यातला आमचा हिस्सा विकायचे ठरले, तेव्हा मी साठेखताच्या आधीच कंपनीच्या सुरक्षा अधिकाऱ्याला कळवले आणि बाबांना सांगितले की व्यवहाराच्या प्रत्येक कागदाची प्रत मला लागेल.

बाबा ऐंशीचे आहेत आणि सांगितलेले काम चोख करतात. ते ट्रंक उघडून खुर्चीत बसतात, चष्मा कपाळावर चढवतात आणि फोनने एकेक कागदाचे छायाचित्र काढून मला व्हॉट्सॲपवर पाठवतात. फेरफार, खरेदीखत, घरपट्टीची पावती, मुद्रांकाची पावती. वाड्याचा व्यवहार एप्रिलमध्ये पूर्ण झाला, तरी पाठवणे थांबलेले नाही. काल रात्री विजेचे बिल आले, आणि त्याखाली दादाच्या नव्या पीककर्जाचा मंजुरीचा कागद. जामीनदाराच्या दोन्ही रकान्यांवर बाबांनी लाल पेनाने गोल केला होता. त्यांत माझे नाव नव्हते.